मेनसेल, म्हणजे शिडाच्या बोटीचं मुख्य शीड, आवरायची कोणती पद्धत घ्यावी? लांबच्या सफरी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेनसेल वर तर कुठल्याही पद्धतीत जातंच. मग एवढा विचार कशाला करायचा?

कारण शीड वर चढवायची घाई कधीच नसते, घाई असते ती खाली घ्यायची. चढवताना वारा बेताचा असतो, उजेड असतो, हाताशी माणसं असतात. कमी करायची वेळ येते ती बहुतेकदा रात्री, पावसात, बोट एका अंगावर कललेली असताना. आणि नेमके तेव्हा बाकीचे झोपलेले तरी असतात, नाहीतर बोट लागून आडवे तरी झालेले असतात.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. 15 नॉट्सचा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा 21 झाला तर कानाला फारसं काही वाटत नाही, पण शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट झालेला असतो. 30 झाला की चौपट. तेवढ्या वेळात सुकाणू जड होतं, बोट वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते, आणि ज्या कामाला दहा मिनिटांपूर्वी एक माणूस पुरला असता त्याला आता दोन लागतात.

म्हणून कोणतीही पद्धत बघताना मी दोनच गोष्टी विचारतो. ही पद्धत असेल तर मी टाळाटाळ न करता वेळेवर शीड कमी करीन का? आणि मध्येच काही अडकलं, तर शीड खाली येईल का? वेग, आराम, देखणेपणा हे सगळं त्यानंतर.

पद्धती आहेत तरी किती?

आजच्या बोटींवर मुख्यतः तीन. पहिली स्लॅब रीफिंग: शीड थोडं खाली घ्यायचं आणि खालचा पट्टा बूमवर, म्हणजे शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्यावर, बांधून टाकायचा; अशी शीड कमी करायची एकेक पायरी म्हणजे रीफ. दुसरी, डोलकाठीच्या पोटात शीड उभं गुंडाळायचं. तिसरी, बूमच्या पोटात आडवं गुंडाळायचं. जुन्या बोटींवर बूमच गोल फिरवून तिच्याभोवती शीड गुंडाळायची सोय दिसते. ती तशी ठेवू नका. गुंडाळल्यावर बूमचं टोक खाली लोंबतं, शिडाचा आकार बिघडतो आणि बूम खाली खेचून धरणारा वँग लावायला जागाच राहत नाही. अशी बोट घेतलीत तर तीच बूम स्लॅब रीफिंगला जोडून घेता येते, काम फार मोठं नाही.

स्लॅब रीफिंगमध्ये प्रत्यक्षात काय काय करावं लागतं?

मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर घेणारा दोर, ढिली सोडायची, म्हणजे शिडातला वारा निघून जातो. वँगही ढिला करायचा. हा वँग सोडायला विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे; मग मागचा दोर कितीही ओढला तरी बूम वर यायला तयार नसते. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, खुणेपर्यंत खाली सोडायचा. शिडाच्या पुढच्या कडेला असलेली रीफची कडी बूमच्या सांध्याजवळच्या आकड्यात अडकवायची. हॅलयार्ड परत ताणायचा, चांगला कडक. मग मागच्या कडेचा रीफचा दोर विंचवर (दोर ताणायच्या फिरत्या ढोलावर) घेऊन कडी बूमला टेकेपर्यंत ओढायचा. वँग आणि मेनशीट पुन्हा ताणली की काम झालं. सवय झाल्यावर दोन-तीन मिनिटांचा खेळ.

खरी मेख आहे ती कडी आकड्यात राहण्यात. एका हाताने डोलकाठीला मिठी मारलेली, दुसऱ्या हाताने ओलं, ताठ कापड खाली खेचत ती कडी आकड्यात घातली, हॅलयार्डकडे वळलो, आणि शीड एकदा फडफडलं की कडी बाहेर. पुन्हा पहिल्यापासून. असं सलग तीनदा झालं त्या रात्रीनंतर मी कडीच्या दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्याने एकेक सुटी कडी शिवून घेतली. ही सुटी कडी शिडाच्या जाड घडीपासून लांब लोंबते, त्यामुळे आकड्यात सहज जाते आणि तिथेच राहते. शीड शिवणाऱ्याचं अर्ध्या तासाचं काम आहे ते.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे मागच्या दोराची जागा. तो दोर कडीला खाली आणि मागे असा दोन्हीकडे ओढत असला पाहिजे. बूमवर त्याचं टोक कडीच्या सरळ खाली बांधलं तर शिडाचा तळ सैल राहतो आणि रीफ घेतलेलं शीड पोट काढतं. जोराच्या वाऱ्यात पोट सुटलेलं शीड म्हणजे ज्यासाठी रीफ घेतली तेच फुकट.

मधल्या छोट्या दोऱ्यांबद्दलही सांगतो. शिडाच्या मध्यात रांगेने भोकं असतात, त्यांतून दोऱ्या ओवून खालचं सैल कापड बांधतात. त्या फक्त कापड आवरायला आहेत, त्यांच्यावर भार येता कामा नये. रीफ सोडताना आधी या दोऱ्या सोडायच्या, मग मागचा दोर, मग पुढची कडी. यातली एक दोरी जरी सोडायची राहिली आणि हॅलयार्ड विंचवर ताणला, तर शीड त्या भोकापासून फाटत जातं.

सगळे दोर कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत, आणून बसल्या जागी रीफ घेता येते ना? मग डोलकाठीपर्यंत जायचंच कशाला?

येते, आणि बऱ्याच जणांसाठी तेच योग्य आहे. पण त्यातही दोन प्रकार आहेत आणि त्यांत मोठा फरक आहे.

सिंगल लाइन पद्धतीत एकच दोर शिडाची पुढची आणि मागची अशा दोन्ही कड्या खाली ओढतो. ऐकायला छान. पण तो दोर बूमच्या टोकापासून मागच्या कडीतून, बूमच्या आतून, पुढच्या कडीतून, डेकवरच्या कप्प्यांवरून वळत वळत तुमच्या हातात येतो. 40 फुटी बोटीवर दुसऱ्या रीफसाठी हा दोर सहज 25 मीटरच्या वर जातो, आणि प्रत्येक वळणावर घर्षण वाढत जातं. हातात येईपर्यंत बरीचशी ओढ वाटेतच खर्च झालेली असते. शिवाय पुढची बाजू आधी बसते की मागची, यावर तुमचा ताबा राहत नाही. पहिल्या रीफला हे चालून जातं. दुसरीला दम लागतो. तिसरीला मी कधीच लावणार नाही.

दोन दोरांच्या पद्धतीत पुढच्या कडीला एक आणि मागच्या कडीला एक असे वेगळे दोर असतात. कॉकपिटमध्ये दोरांची गर्दी होते हे खरं, पण दोर आखूड, वळणं कमी, आणि आधी पुढची कडी बसवायची, मग मागची, हा क्रम तुमच्या हातात. मला विचाराल तर कॉकपिटमधूनच रीफ घ्यायची असेल तर हीच घ्या, आणि कप्प्यांवर पैसे वाचवू नका. चांगल्या बेअरिंगचे कप्पे लावले की त्याच दोराला अर्धा जोर लागतो असं वाटतं.

आणि हॅलयार्ड, रीफचे दोर आणि विंच सगळं डोलकाठीपाशीच ठेवलेली जुनी रीतही वाईट नाही. दोर आखूड, सगळं डोळ्यांसमोर, अडकलं तर हात पोचतो. अट एकच: डोलकाठीपाशी उभं राहायला पक्के कठडे हवेत आणि कंबरेचा पट्टा अडकवायला डेकवर मजबूत जागा हवी. काही दोर इकडे, काही तिकडे अशी अर्धवट मांडणी सगळ्यात वाईट, कारण मग एकट्या माणसाला प्रत्येक रीफला पुढे-मागे येरझाऱ्या घालाव्या लागतात.

रीफ किती ठेवाव्यात?

किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं तर दोन पुरतात, पण खोल घ्या. लांबच्या सफरीला तीन. तिसरी रीफ इतकी खोल हवी की ती घेतल्यावर शिडाचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही बरंच खाली यावं. बंदरात उभं राहून बघताना ते शीड हास्यास्पद लहान वाटतं. बाहेर 35 नॉट्समध्ये ते बरोबर वाटतं.

लेझी जॅक लावावेत का? आणि ती बूमवरची पिशवी?

शीड खाली आलं की ते डेकभर पसरू नये, बूमवरच घडी होऊन पडावं, यासाठी डोलकाठीपासून बूमपर्यंत दोन्ही बाजूंनी दोऱ्यांचा पाळणा करतात, तो लेझी जॅक. त्यालाच कायमची कापडी पिशवी जोडली की शीड पडतं ते थेट पिशवीत, वरून चेन ओढली की झालं. 40 चौरस मीटरच्या शिडात नुसतं कापडच साधारण 14 किलोचं असतं. बॅटन्स (शिडाचा आकार धरणाऱ्या ताठ पट्ट्या), जाड कोपरे, कड्या धरल्या तर कितीतरी जास्त. ते दोन हातांनी कवटाळून हलत्या केबिनवर उभं राहायचं नसेल तर लेझी जॅक लावाच.

एकच कटकट आहे. शीड चढवताना बॅटनची टोकं या दोऱ्यांत अडकतात. बोटीचं नाक अगदी वाऱ्यात धरून, वर नजर ठेवून, थांबत थांबत चढवावं लागतं. यावर साधा उपाय म्हणजे लेझी जॅक सैल करून पुढे डोलकाठीला ओढून बांधता येतील असे ठेवायचे. शीड वर गेलं की सोडायचे, उतरवायच्या आधी परत ताणायचे.

डचमन नावाची एक वेगळी सोय आहे. तिच्यात शिडातल्याच भोकांतून उभ्या नायलॉनच्या तारा ओवलेल्या असतात आणि त्या वर टॉपिंग लिफ्टला, म्हणजे बूमचं टोक वरून उचलून धरणाऱ्या दोराला, बांधलेल्या असतात. शीड खाली येताना या तारांवर आळीपाळीने इकडे-तिकडे घडी पडते. बॅटन अडकत नाही. पण शिडाला भोकं पाडावी लागतात, आणि कव्हरलाही त्याच जागी चिरा ठेवाव्या लागतात.

पूर्ण लांबीच्या बॅटन्स घ्याव्यात का?

घ्याव्यात, पण ट्रॅकचा, म्हणजे डोलकाठीवर शीड ज्यावरून वर-खाली सरकतं त्या पट्टीचा, विचार केल्याशिवाय नाही. पूर्ण लांबीची बॅटन शिडाचा आकार धरून ठेवते, फडफड कमी करते, शीड जास्त वर्षं टिकतं, आणि खाली येताना घडी नीट पडते. मात्र तीच बॅटन आपल्या पुढच्या टोकाने डोलकाठीला रेटा देते. साध्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांवर हा रेटा आला की त्या जागच्या जागी जाम होतात आणि शीड ना वर जातं ना खाली येतं. म्हणून बॅटनच्या टोकाला बेअरिंगवर चालणारी सरकगाडी (कार) हवी, नाहीतर डोलकाठीच्या खाचेत बसणारी गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर सरकणाऱ्या स्टीलच्या चकत्या.

माझं मत स्पष्ट आहे: नवीन डोलकाठी घेण्याआधी चांगला ट्रॅक घ्या. हॅलयार्ड सोडल्याबरोबर शीड आपल्या वजनाने सरसर खाली येतं की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. येत असेल तर स्लॅब रीफिंगबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. मी बघितलेल्या कितीतरी बोटींचे मालक डोलकाठीत गुंडाळणारं शीड घ्यायला निघाले होते, आणि त्यांचं खरं दुखणं एवढंच होतं की त्यांचं शीड अर्ध्यावर अडकायचं.

डोलकाठीत गुंडाळणाऱ्या शिडाचा मोठा फायदा काय?

वापरलं जातं, हा. कॉकपिटमधून एक दोर सोडा, दुसरा ओढा, शीड हवं तेवढं बाहेर. दोन तासांच्या प्रवासालाही माणूस शीड काढतो, कारण कव्हर काढा, घडी सोडा, परत घाला ही मेहनत नाही. आणि वारा वाढताना हातभर, हातभर कमी करता येतं, रीफच्या ठरलेल्या पायऱ्या नाहीत. दोघंच प्रवास करणारं उतारवयाचं जोडपं, पाठीचं दुखणं, खांद्याचं दुखणं, अशांच्या बाबतीत ही सोय म्हणजे समुद्रावर राहणं आणि बोट विकणं यांतला फरक असतो. त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आणखी एक फायदा फारसा कुणी बोलत नाही. वारा मागून असताना स्लॅबचं शीड शेजारच्या तारांवर आणि स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या फांद्यांवर) दाबलेलं असतं. ते खाली ओढणं कठीण, बहुतेकदा बोट वाऱ्याकडे वळवावी लागते, आणि मोठ्या लाटांत ते वळणंच धोक्याचं. डोलकाठीत गुंडाळणारं शीड मागून वारा असतानाही, बूम थोडी आत घेऊन, बऱ्यापैकी आत घेता येतं.

या पद्धतीचा प्रसार झाला त्यात अमेरिकन शीडकार टेड हूड यांच्या ‘स्टोवे’ डोलकाठीचा मोठा वाटा आहे. हेच हूड 1974 च्या अमेरिका कपमध्ये ‘करेजस’ बोटीचे कप्तान होते. शर्यतीत शिडाच्या रेघन् रेघेसाठी झगडणाऱ्या माणसाने सफर करणाऱ्यांच्या सोयीसाठी शिडाच्या आकारावर पाणी सोडायला मान्यता दिली, हे मला नेहमी लक्षात घेण्याजोगं वाटतं.

आणि तोटे?

आकार आणि वजन. शीड उभ्या नळीवर गुंडाळायचं म्हणजे आडव्या बॅटन्स चालत नाहीत. बॅटन नाही म्हणजे मागच्या कडेचा फुगीर भाग, रोच, तोही नाही. उलट कड आत कापावी लागते. पूर्ण बॅटनच्या शिडाशी तुलना केली तर 10 ते 20 टक्के क्षेत्रफळ जातं, आणि तेही वरच्या बाजूचं, जिथे वारा जास्त असतो. हलक्या वाऱ्यात हे जाणवतं. उभ्या बॅटन्स घालून थोडं परत मिळवता येतं, पण मग खाचेत अडकायला आणखी एक वस्तू वाढते.

वजनाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. स्लॅबमध्ये रीफ घेतली की कापड खाली बूमवर येतं. इथे गुंडाळी डोलकाठीच्या पूर्ण उंचीभर वरच राहते, शिवाय डोलकाठी स्वतःच जाड आणि आत नळी. म्हणजे वारा वाढतो तेव्हा, जेव्हा वजन खाली हवं असतं, तेव्हा ते वर असतं. मोठ्या, जड बोटीला हे पेलवतं. लहान, हलक्या बोटीला नाही.

डोलकाठीत शीड अडकतं म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: शीड जुनं होऊन पोट काढलेलं असतं, गुंडाळताना ताण नव्हता, किंवा बूमची उंची चुकलेली होती.

भाड्याने घेतलेल्या एका बोटीवर मी हे पुरतं अनुभवलं. शीड इतकं वापरलेलं होतं की हाताला जुन्या सुती चादरीसारखं मऊ लागायचं. वारा 25 च्या वर गेला, आत घ्यायला लागलो, आणि एक-तृतीयांश आत गेल्यावर थांबलं. ना आत, ना बाहेर. टॉर्च मारून बघितलं तर खाचेच्या तोंडाशी, साधारण माझ्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर, कापडाची दुमडलेली एक घडी पाचरीसारखी बसली होती. खाली उतरवणंही शक्य नव्हतं, कारण तेवढं शीड आत गुंडाळलेलं. विंच वापरायचा मोह आवरला, तेवढं बरं केलं. पाऊण तास आम्ही बूम वर-खाली करत, अर्धा फेरा बाहेर, अर्धा फेरा आत असं करत राहिलो, तेव्हा ती घडी मोकळी झाली. त्या पाऊण तासात शीड इतकं फडफडलं की मागच्या कडेची शिवण हातभर उसवली.

यातून शिकलेलं सांगतो. आत घेताना मागचा दोर, म्हणजे आउटहॉल, एकदम सोडून द्यायचा नाही. हातात थोडा ताण धरून इंचाइंचाने सोडायचा, म्हणजे गुंडाळी घट्ट बसते. सैल गुंडाळी आज आत गेली तरी उद्या बाहेर येताना अडकते. बूमची उंची अशी ठेवायची की शिडाचा तळ आणि मागची कड दोन्हींवर सारखाच ताण येईल. ती उंची एकदा सापडली की टॉपिंग लिफ्टवर किंवा वँगवर रंगाने खूण करून ठेवा. नळी एकाच बाजूला फिरते, त्यामुळे वारा एका बाजूने असताना शीड खाचेत सरळ जातं आणि दुसऱ्या बाजूने असताना खाचेच्या ओठावरून घासत जातं. आपल्या डोलकाठीची सोयीची बाजू कोणती, हे शांत दिवशी दोन्हीकडून करून बघा. आणि शीड पोट काढायला लागलं की त्याची वर्षं मोजत बसू नका, बदला. स्लॅबवर जुनं शीड फक्त हळू चालतं; डोलकाठीत जुनं शीड अडकतं.

तरीही शीड बाहेर असताना अडकलंच, तर शेवटचा उपाय म्हणून मोकळा असलेला एखादा हॅलयार्ड शिडाभोवती आणि डोलकाठीभोवती फेऱ्यांनी गुंडाळून कापड दाबून टाकतात. हे एकदा धक्क्यावर करून बघा.

बूममध्ये गुंडाळणारं शीड दोन्हींतलं चांगलं घेतं ना?

बरंचसं. आडव्या पूर्ण बॅटन्स चालतात, रोच मिळते, रीफ घेतल्यावर वजन खाली येतं, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे गुंडाळी बिघडली तरी हॅलयार्ड सोडून शीड खाली पाडता येतं. माझ्या दुसऱ्या कसोटीला हे उतरतं.

पण हे नाजूक यंत्र आहे. बूम आणि डोलकाठी यांतला कोन 90 अंशांच्या किंचित खाली, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याइतकाच हवा. तो थोडा जरी चुकला तरी पुढची कड प्रत्येक फेऱ्याला जरा पुढे किंवा मागे सरकत जाते, आणि दहा-बारा फेऱ्यांनंतर एका टोकाला कापडाचा गठ्ठा होतो. त्यामुळे न हलणारा कडक वँग इथे लागतोच. गुंडाळताना हॅलयार्ड आणि गुंडाळीचा दोर यांचा मेळ जमवावा लागतो: हॅलयार्ड थोड्या ताणाने सोडायचा, दुसरा ओढायचा. एकट्याने हे शिकायला वेळ लागतो. वारा मागून असताना तर करूच नका. आणि रीफ मध्येच कुठेही घेण्यापेक्षा बॅटन बूमवर आडवी बसेल अशा ठिकाणी घ्या, भार नीट वाटला जातो.

बूमही जाड आणि जड असते. ती अंगावर आली तर काय होईल याचा विचार करून, वारा मागून घेताना तिला पुढे बांधून ठेवणारा प्रिव्हेंटर नेमाने लावा. हे खरं तर सगळ्याच पद्धतींना लागू आहे.

इलेक्ट्रिक विंच लावला तर कुठलीही पद्धत सोपी होत नाही का?

सोपी होते आणि आंधळीही होते. हाताने फिरवताना काही अडलं की आधी हाताला कळतं. मोटरला कळत नाही. ती ओढत राहते आणि कापड फाटल्याचा आवाज आल्यावर आपल्याला कळतं. बॅटन लेझी जॅकमध्ये अडकलेली, रीफची एखादी दोरी सोडायची राहिलेली, खाचेत घडी पडलेली, या सगळ्यांत मोटर नुकसानच वाढवते. वापरायचा तर नियम ठेवा: बटणावर बोट असणाऱ्याची नजर वर शिडावर, आणि शेवटचा ताण हाताने. विंचजवळ दुसऱ्या कुणाचे हात नकोत. वीज गेली तर हाताने फिरवायची दांडी कुठे ठेवली आहे, हे बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

कॅटामरानला, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या बोटीला, कोणती?

स्लॅब. कॅटामरानचं शीड रोचवरच उभं असतं, ते डोलकाठीत गुंडाळून चालत नाही. एक लक्षात ठेवा: कॅटामरान कलत नाही, त्यामुळे रीफ घ्यायची वेळ झाली हे ती सांगत नाही. वाऱ्याच्या आकड्यावर रीफ घ्या, अंदाजावर नाही.

दोन डोलकाठ्यांची केच असेल तर?

मग मेनसेल लहान असतं आणि ते पूर्ण उतरवून पुढचं व मागचं शीड ठेवून चालता येतं. साधी स्लॅब पुरे.

वादळासाठी मेनसेलऐवजी लावायचं वेगळं लहान शीड, ट्रायसेल, लागतं का?

महासागर ओलांडायचा असेल तर मी ठेवीन, आणि डोलकाठीत गुंडाळणारं शीड असेल तर नक्कीच. कारण तिथे मेनसेल अडकलं किंवा फाटलं तर दुसरं लहान शीड लावायला काहीच उरत नाही. त्यासाठी डोलकाठीच्या बाजूने वेगळा ट्रॅक आधीच बसवलेला हवा. आकाराचा अंदाज हवा असेल तर समुद्री शर्यतींच्या नियमांत ट्रायसेलची कमाल मर्यादा मेनसेलची उंची गुणिले बूमची लांबी याच्या 17.5 टक्के अशी आहे. 14 मीटर उंची आणि 4.5 मीटर बूम धरली तर 11 चौरस मीटर. स्लॅबवाल्यांनी तिसरी रीफ खरोखर खोल घेतली असेल तर बरेच जण तिच्यावर भागवतात.

माझ्या बोटीत आधीच डोलकाठीत गुंडाळणारं शीड आहे. काढून टाकू का?

नका. डोलकाठी, बूम, शीड, दोर सगळं बदलावं लागेल, आणि तेवढ्या खर्चात दोनदा उत्तम नवं शीड येईल. आधी ताठ कापडाचं, सपाट कापलेलं नवं शीड शिवून घ्या, नळीची बेअरिंग्ज तपासा, वरचा फिरता सांधा गोड्या पाण्याने धुवा, बूमची खूण ठरवा. यानंतरही अडकत असेल तर नळी आत वाकली आहे का, तिचा ताण सैल झाला आहे का ते जाणकाराकडून बघून घ्या. धक्क्याला बांधलेली असताना वारा आडवा आला की डोलकाठी बासरीसारखी वाजते, त्यासाठी खाचेत ओढायची कापडी पट्टी मिळते. शेजारच्या बोटीवरचे लोक झोपू शकतील.

जुनी बोट बघायला गेल्यावर मेनसेलच्या बाबतीत काय तपासू?

बोलण्यावर विश्वास ठेवू नका, शीड वर चढवून दाखवायला सांगा. मग हॅलयार्ड सोडून द्या आणि बघा शीड किती खाली येतं. रीफ असतील तर प्रत्येक रीफ घेऊन बघा, तिसरीसुद्धा. कित्येक बोटींवर तिसऱ्या रीफचा दोरच ओवलेला नसतो. रीफचा दोर कडीत जिथे वळतो तिथे बोट फिरवून बघा, धागे उसवलेले हाताला लागतात. लांबच्या प्रवासात हीच जागा घासून दोर तुटतो, म्हणून रोज वीतभर सोडून किंवा ओढून तो वळणारा भाग बदलतात, आणि एक वेगळी मजबूत दोरी मागच्या कडीतून बूमभोवती बांधून ठेवतात.

गुंडाळणारं शीड असेल तर पूर्ण बाहेर काढा, पूर्ण आत घ्या, मग अर्ध्यावर थांबवा, आणि हे वारा दोन्ही बाजूंनी घेऊन करा. मालकाने करून दाखवलं ते पुरेसं नाही. दोर स्वतःच्या हातात घ्या, तुमच्याबरोबर प्रवास करणाऱ्या माणसाच्याही हातात द्या, आणि ज्याच्या अंगात सगळ्यात कमी जोर आहे त्याला एकट्याला रीफ घेता येते का ते बघा.